भेगांची रचना आणि रचनेचा जाब

१

मराठी समीक्षेत ‘संरचना’ हा शब्द स्थिरावून आता बराच काळ लोटला आहे. त्याआधी ‘घाट’, ‘बांधणी’, ‘वीण’, ‘आकृतिबंध’ असे शब्द वापरात होते. आजही ते पूर्णपणे मागे पडलेले नाहीत. या शब्दांच्या तळाशी असलेल्या प्रतिमा तपासल्या तर एक गोष्ट लक्षात येते. ‘घाट’ म्हटले की भांडे आणि ते घडविणारा हात आठवतो. ‘बांधणी’ म्हटले की गवंडी आठवतो. ‘वीण’ म्हटले की विणणारा आठवतो. ‘संरचना’ या शब्दाने मात्र रचणाऱ्याला बाजूला केले. संरचना असते; ती कोणी केली हा प्रश्न तिच्या संदर्भात गैरलागू ठरतो. संरचनावादी विचाराचे हे एक महत्त्वाचे देणे आहे. लेखकाचा हेतू, त्याचे चरित्र आणि त्याची प्रतिभा यांच्या कचाट्यातून साहित्यकृतीला मोकळे करण्यासाठी अशा एखाद्या संकल्पनेची गरज होतीच. तथापि या देण्याबरोबर एक अडचणही आली. जिला कर्ता नाही तिला जाब कोणी आणि कसा विचारायचा? विषमतेची संरचना, शोषणाची संरचना, भाषेतील वर्चस्वाची संरचना असे शब्दप्रयोग आज समीक्षेत सर्रास होतात. ते करताना आपण दोषारोप करीत असतो की केवळ वर्णन करीत असतो, हे आपल्यालाही पुष्कळदा स्पष्ट नसते.

प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार दगडाच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, संरचनावादाचा भूविज्ञानाशी असलेला संबंध वरवरचा नाही. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी ‘त्रिस्त त्रोपिक’ (१९५५) या आत्मपर ग्रंथात मार्क्सवाद आणि मनोविश्लेषण यांच्या जोडीला भूविज्ञानाचा आपल्या तीन गुरूंमध्ये समावेश केला आहे. दिसणाऱ्या पसाऱ्याखाली न दिसणारी संगती शोधायची, हा धडा त्यांनी खडकांच्या थरांकडून घेतला. दुसरे कारण आपल्या भूमीशी निगडित आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या लाव्हाथरांनी बनलेला आहे आणि कर्त्याविना सिद्ध झालेल्या रचनेचा एक विलक्षण नमुना, म्हणजे बेसाल्टचे स्तंभ, याच थरांत आढळतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधूकाठचे गाव याच काळ्या खडकावर वसले आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव म्हणून त्याची ख्याती आहे. त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या पाषाणमंदिराविषयी एक कथा शतकानुशतके सांगितली जाते: कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना समोरून उठविले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. खडकाची रचना आणि फिरलेल्या देवळाची ही कथा एकमेकींशेजारी ठेवली, तर रचना आणि उत्तरदायित्व यांच्या संबंधावर काही प्रकाश पडेल असे वाटते.

२

प्रथम खडकाकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरांवर थर पसरले. आज शिल्लक असलेला त्यांचा विस्तार सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. काही थरांत हा खडक उभ्या, बहुकोनी खांबांच्या रूपात विभागलेला दिसतो. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, कोल्हापूर जिल्ह्यातील बांदिवडे, यवतमाळ जिल्ह्यातील शिबला-पार्डी ही त्याची महाराष्ट्रातील उदाहरणे. गिल्बर्ट टेकडीचा कडा सुमारे साठ मीटर उंच आहे. प्रथमदर्शनी पाहणाऱ्याला हे खांब कोणीतरी तासून, एकमेकांना चिकटवून उभे केले आहेत असे वाटते. आयर्लंडच्या किनाऱ्यावर अशा सुमारे चाळीस हजार खांबांचा समूह आहे आणि तो एका राक्षसाने बांधला अशी तेथील लोककथा आहे. आपल्याकडेही लेणी पाहिली की पांडवांनी ती एका रात्रीत कोरली असे म्हणण्याची रीत आहे. नियमितता दिसली की कर्ता कल्पायचा, ही मानवी मनाची जुनी सवय दिसते.

प्रत्यक्षात येथे काहीच बांधले गेलेले नाही. लाव्हा थंड होतो तेव्हा आकुंचन पावतो. परंतु थर दूरवर पसरलेला असल्यामुळे त्याला आडव्या दिशेने मोकळेपणी आक्रसता येत नाही. त्यामुळे खडकात ताण साठतो आणि तो असह्य झाला की भेग पडते. भेगा थंड पृष्ठभागापासून सुरू होतात आणि उष्णता ज्या दिशेने बाहेर पडते त्या दिशेला अनुसरून टप्प्याटप्प्याने आत सरकतात. थंड होणे सावकाश असेल तर खांब जाड होतात, वेगाने असेल तर बारीक होतात. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आइसलँडच्या बेसाल्टमध्ये अशा भेगा सुमारे ८४० ते ८९० अंश सेल्सिअस तापमानाला पडतात असे आढळले. हा खडक सुमारे ९८० अंशांना घट्ट होतो. म्हणजे आधी तो घट्ट झाला आणि नंतर भंगला. टोरांटो विद्यापीठात ल्युकास गोअरिंग आणि स्टीफन मॉरिस यांनी मक्याच्या पिठाची खळ वाळवून तिच्यातही असेच लहान स्तंभ मिळविले. मराठवाड्यातील वाचकाला याची ओळख वेगळ्या मार्गाने आहे. बेसाल्ट झिजूनच झालेली काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि रानभर बहुकोनांचे जाळे उमटते. त्या भेगा आणि खडकातील भेगा यांच्यामागचे तत्त्व एकच: आक्रसू पाहणारे द्रव्य आणि त्याला आक्रसू न देणारी स्थिती.

या वर्णनातून आपल्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, स्तंभ हे येथे मूळ घटक नाहीत. घडल्या त्या भेगा. स्तंभ म्हणजे दोन भेगांच्या मध्ये जे उरले ते. इंग्रजी भूविज्ञानात या भेगांना ‘जॉइंट’, म्हणजे सांधा, असे म्हणतात. जेथे तुटले त्याच जागेला सांधा म्हणणारी ही परिभाषा मोठी अर्थपूर्ण आहे. दुसरी गोष्ट षट्कोनाविषयी. हे सर्व खांब षट्कोनी असतात असा समज आहे. प्रत्यक्षात पाच आणि सात बाजूंचे खांबही पुष्कळ आढळतात. पृष्ठभागावरील पहिल्या भेगा बहुधा काटकोनात मिळतात. आत सरकता सरकता त्यांचे मीलन एकशे वीस अंशांच्या जवळ येत जाते. ज्या विस्तृत जाळ्यात प्रत्येक बिंदूपाशी तीनच रेषा मिळतात, त्यातील बहुकोनांच्या बाजूंची सरासरी सहाच्या जवळ येते, हा भूमितीचा सिद्धान्त आहे. सहा ही संख्या त्या समूहाची आहे. ती एकेका खांबाला बांधून घेत नाही. तिसरी गोष्ट अशी की, या रचनेत तिचा इतिहास साठलेला आहे. खांबांच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात. भेग थांबत थांबत पुढे गेल्याच्या त्या खुणा आहेत. रचना एककालिक वाटते खरी, परंतु ती एका घटनाक्रमाची नोंद असते.

३

कर्त्याविना एवढी नियमितता संभवते, ही गोष्ट तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने साधी नाही. कांटने ‘निर्णयशक्तीची चिकित्सा’ (१७९०) या ग्रंथात एक दृष्टान्त दिला आहे. निर्मनुष्य वाटणाऱ्या प्रदेशात वाळूवर कोणाला एक सुबक षट्कोन काढलेला दिसला, तर तो वाऱ्याने किंवा प्राण्याच्या पायांनी उमटला असे त्याला वाटणार नाही. येथे बुद्धी असलेला कोणीतरी येऊन गेला असेच तो म्हणेल. याच ग्रंथात अन्यत्र स्फटिकांच्या आकारांचा विचार करताना कांट हेही दाखवितो की, हेतूचे गृहीतक न करता निसर्ग सुंदर आकार सिद्ध करू शकतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) हेतुशून्य हेतुमत्तेची कांटची कल्पना मराठी अभ्यासकांना परिचित झाली आहे. बेसाल्टच्या स्तंभांनी या दोन विचारांतील ताण उघड केला. येथे षट्कोन आहे आणि बुद्धी मात्र नाही.

कांटच्या काळात हा खडक वादाचा विषय होताच. निकोला देमारे यांनी १७६३ मध्ये फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात असे स्तंभ पाहून ते ज्वालामुखीजन्य असल्याचे ओळखले. जर्मनीतील आब्राहाम वेर्नर आणि त्यांचे अनुयायी मात्र बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साचलेला खडक आहे असे मानीत राहिले. खडक तेच होते, वाचन भिन्न होते. म्हणजे दगडाची रचनाही ‘वाचावी’ लागते आणि ते वाचन चुकू शकते. मग दगडाच्या रचनेला अर्थ आहे असे म्हणायचे काय?

पॉल ग्राइस यांनी १९५७ मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो. त्यांनी नैसर्गिक अर्थ आणि नैसर्गिकेतर अर्थ असे दोन प्रकार मानले. अंगावरचे विशिष्ट पुरळ म्हणजे गोवर, हा पहिला प्रकार. बसची घंटा तीनदा वाजली म्हणजे बस भरली, हा दुसरा. न्यायदर्शनातील धूम आणि अग्नी यांचा संबंध आपल्याकडे पहिल्या प्रकारच्या विवेचनासाठी पूर्वीपासून वापरला गेला आहे. दोहोंतील महत्त्वाचा फरक असा: पुरळ गोवराचे ‘आहे’ असे म्हटल्यावर गोवर नाही असे म्हणता येत नाही, घंटा मात्र बस भरलेली नसतानाही वाजविली जाऊ शकते. बेसाल्टच्या स्तंभाला पहिल्या प्रकारचा अर्थ आहे. जाड खांब म्हणजे संथ शीतलन. वाचणारा चुकेल, खांब खोटे बोलणार नाही. आणि जे खोटे बोलू शकत नाही त्याला जाबही विचारता येत नाही. दगडाला कारण आहे, इतिहास आहे, वाचनीयताही आहे. उत्तरदायित्व तेवढे नाही.

४

संरचनावादाने भाषेच्या वर्णनासाठी जी संकल्पना सिद्ध केली तिचे या खडकाशी असलेले साम्य थक्क करणारे आहे. सोस्यूरच्या मते भाषेत स्वयंसिद्ध घटक नसतात. असतात ते भेद, आणि घटक म्हणजे भेदांच्या मध्ये जे उरते ते. स्तंभ आणि भेगा यांचा संबंध नेमका असाच आहे. आपल्याकडे मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेचा विचार केला. त्याची भूमिका वेगळी होती. तथापि घटकांपेक्षा त्यांच्यातील संबंधांना प्राधान्य देण्याचा आग्रह तेथेही होताच.

हे साम्य मान्य करूनही एका ठिकाणी थांबावे लागते. ते ठिकाण अभंगाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. नामदेवांच्या हाती जी रचना प्रगल्भ झाली त्या मोठ्या अभंगाचे चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. एकूण बावीस अक्षरांचा हा साचा. प्रत्यक्ष गाथ्यात अक्षरे कमीअधिक होतात. गाणारा एखादे अक्षर लांबवितो, एखादे गिळतो आणि छंद सावरून घेतो. वरवर पाहता हेही बेसाल्टसारखेच झाले. नियम समूहाचा, एकेक उदाहरण त्याच्या आसपास. परंतु सात बाजूंच्या खांबाला आपण ‘चुकलेला’ म्हणत नाही. चरणात सातवे अक्षर आले तर मात्र ‘हे चुकले’, ‘हे सैल झाले’, किंवा ‘हे मुद्दाम केले आहे आणि शोभते आहे’ असे आपण म्हणतो. अभंगाचा नियम असा आहे की तो पाळणाऱ्याला माहीत असतो, त्याच्या संदर्भात पाळणाऱ्याचे कृत्य बरे किंवा वाईट ठरते आणि प्रसंगी तो बदलण्याचा अधिकारही त्याला असतो.

याहून मूलगामी असा आणखी एक फरक आहे. बेसाल्टमध्ये भेग एकदा पडली की ती टिकविण्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. तिचा ताण केव्हाच संपलेला असतो. खांब उभे राहतात ते जडत्वाने. अभंगाची रचना अशी टिकलेली नाही. तो दर खेपेला कोणीतरी म्हटला म्हणून टिकला. दिंडीत, भजनात, जात्यावर, शाळेत, आकाशवाणीवर तो पुन्हा पुन्हा उच्चारला गेला आणि प्रत्येक उच्चाराला कोणीतरी उच्चारणारा होता. ‘अभंग’ या शब्दात भंग न पावणे अभिप्रेत आहे. परंतु हे न भंगणे दगडाचे नाही, ते आवृत्तीचे आहे. मानवी रचना आवृत्तीने जगते. आणि जी आवृत्तीने जगते तिच्या प्रत्येक आवृत्तीपाशी एक माणूस उभा असतो, ही गोष्ट संरचनेचे वर्णन करताना आपल्या नजरेतून निसटते.

५

आता समाजाच्या रचनेचा विचार करू. येथे एक आक्षेप आधीच विचारात घ्यायला हवा. ॲडम फर्ग्युसन यांनी १७६७ मध्ये असे निरीक्षण नोंदविले होते की, समाजातील कित्येक संस्था मानवी कृतीतून निर्माण झालेल्या असतात, पण मानवी योजनेतून निर्माण झालेल्या नसतात. भाषा, बाजार, रूढी यांची आखणी कोणी बसून केलेली नाही. मग त्यांना बेसाल्टच्या बाजूला का ठेवू नये? जातिव्यवस्थाही कोणा एकाने रचली नाही. इतिहासाच्या ताणाखाली समाज तडकत गेला आणि जाती उरल्या, असे म्हणणे मोहक आहे. मोहक यासाठी की त्यात दोषी कोणीच उरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात या मोहाला दिलेले उत्तर सापडते. ‘मूकनायका’च्या पहिल्या अंकात (३१ जानेवारी १९२०) त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. जाती हे त्याचे मजले, आणि मजल्या-मजल्यांत ये-जा करण्यासाठी शिडीच नाही. ही उपमा पाषाणरचनेची आहे आणि तिची ताकद तिच्या कठोरपणात आहे. परंतु १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी एक वेगळी गोष्ट स्पष्ट केली: जात ही विटांच्या भिंतीसारखी किंवा काटेरी तारेसारखी भौतिक वस्तू नव्हे, ती एक धारणा आहे, मनाची एक अवस्था आहे. या दोन विधानांत विसंगती नाही. पहिले विधान रचना भोगणाऱ्याच्या बाजूने केलेले आहे. त्याला ती दगडासारखीच लागते. दुसरे विधान रचना कशाने टिकते याविषयी आहे. ती दगडाने टिकत नाही. कोण कोठे बसेल, कोणाच्या हातचे पाणी चालेल, मुलीचे लग्न कोठे होईल, या रोजच्या निर्णयांनी टिकते. फर्ग्युसनचा मुद्दा रचनेच्या उगमापुरता खरा आहे. उगमाची योजना कोणाची नसेल. परंतु आजची आवृत्ती कोणाची तरी असतेच.

या पार्श्वभूमीवर औंढ्याच्या कथेकडे पाहावे. कथा सर्वश्रुत आहे. देवळासमोर नामदेवांचे कीर्तन चालले असता पुजाऱ्यांनी त्यांना हीन जातीचे म्हणून तेथून उठविले. ते मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळ फिरून त्यांच्यासमोर आले. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे समाविष्ट आहेत, त्यांतील एका पदात देवळातून हुसकावले जाण्याचा आणि देऊळ फिरण्याचा प्रसंग आला आहे. तेथे गावाचे नाव नाही, जातीचा उल्लेख मात्र आहे. कर्नाटकात उडुपीला कनकदासांविषयी अशीच कथा आहे. तेथे भिंतीला भेग पडली आणि कृष्णाची मूर्ती भक्ताच्या दिशेने वळली असे सांगतात. ती खिडकी कनकदासांच्या नावानेच ओळखली जाते. एकाच घाटाच्या या कथा वेगवेगळ्या प्रदेशांत आढळतात, यावरून त्या कोणत्या तरी समान अनुभवातून उपजल्या असाव्यात असे म्हणता येईल.

भक्तिपर वाचनात ही कथा देवाच्या कृपेची ठरते आणि चिकित्सक वाचनात एक चमत्कार म्हणून ती बाजूला ठेवली जाते. दोन्ही वाचनांत कथेतील एक तपशील दुर्लक्षित राहतो. देऊळ पडत नाही, पुजाऱ्यांना शिक्षा होत नाही. बदलते ती फक्त समोरची बाजू. आता ‘समोर’ आणि ‘मागे’ हे भेद दगडाचे नव्हेत. बेसाल्टच्या स्तंभाला समोरची बाजू नसते. देवळाच्या दगडांनाही ती खाणीत नव्हती. हेमाडपंती पद्धतीने दगडात दगड बसविताना, दार कोठे ठेवायचे आणि कोणी कोठवर यायचे हे ठरविताना ती निर्माण झाली. कथेने नेमक्या याच भेदावर बोट ठेवले आहे. समोर म्हणजे काय, हे दाराने ठरवायचे की गाण्याने, हा तिचा प्रश्न आहे. ज्या भेदावर माणसे वगळण्याची सगळी व्यवस्था उभी होती, तो निसर्गदत्त नाही, तो फिरवता येतो, ही जाणीव येथे चमत्काराच्या भाषेत व्यक्त झाली आहे.

तरीही या कथेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. जे माणसांनी करायला हवे होते ते कथेत देवळाने केले. पुजाऱ्यांचे मन फिरले असे कथा सांगत नाही. ज्यांनी उठविले त्यांच्याकडे जाब न मागता ती दगडाकडून न्याय मिळविते. शतकानुशतके ही कथा श्रद्धेने ऐकणाऱ्या समाजात दलितांना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. तेथे देऊळ फिरले नाही; माणसांना आपला निर्णय फिरवावा लागला. औंढ्याची कथा ऐकणे आणि तिचे म्हणणे मानणे यांत किती अंतर राहू शकते याचे हे प्रमाण आहे. कथाही आवृत्तीने जगते. ती केवळ कानांनी आवृत्त झाली तर व्यवस्थेला तिचा उपद्रव होत नाही.

६

दोन कोसळलेल्या भिंतींचा येथे उल्लेख करणे आवश्यक वाटते. पहिली मंगळवेढ्याची. परंपरेनुसार गावकुसाचे काम करीत असता ते ढासळले आणि १३३८ मध्ये चोखामेळा त्याखाली दगावले. नामदेवांनी तेथे जाऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचून पंढरपुरास आणल्या अशी श्रद्धा आहे. ज्या गावकुसाच्या आत राहण्याचा अधिकार नव्हता, त्याच्याच कामावर चोखोबा होते. कूस का ढासळले याचे उत्तर दगडमातीच्या गुणधर्मांत मिळेल; त्या दिवशी त्याखाली कोण होते आणि तेच का होते, याचे उत्तर तेथे मिळणार नाही.

दुसरी भिंत आपल्या काळातील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाला कर्ता नव्हता. परंतु माणसे दगावली ती मुख्यतः घरांखाली. बेसाल्टचे ओबडधोबड दगड मातीत बसवून उभ्या केलेल्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांखाली ती गाडली गेली. भूकंप आणि मृत्यू यांच्या मध्ये एक मानवी रचना होती. ती कोणी दुष्टपणे उभी केली नव्हती. उन्हाळ्यात गारवा देणारी, परवडणारी, बापजाद्यांपासून चालत आलेली अशी ती रीत होती. येथे दोष कोणाचा असे विचारले तर उत्तर सापडत नाही, आणि ‘निसर्गाचा कोप’ म्हटले तर काहीतरी दडविल्यासारखे होते.

आयरिस मॅरिअन यंग यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस’ या ग्रंथात या अडचणीतून काढलेली वाट विचारात घेण्यासारखी आहे. दोष आणि जबाबदारी या दोन संकल्पना त्यांनी वेगळ्या केल्या. दोष मागे पाहतो; घडलेल्या अपकृत्याचा कर्ता शोधतो. संरचनात्मक अन्यायाच्या बाबतीत असा एक कर्ता बहुधा सापडत नाही. जबाबदारी मात्र पुढे पाहते. ज्यांच्या दैनंदिन व्यवहारांनी ती रचना चालू राहते त्या सर्वांवर, त्यांच्या सामर्थ्यानुसार, ती बदलण्याचे दायित्व येते. किल्लारीच्या घरांबाबत १९९३ पूर्वी कोणाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्यानंतर मात्र, भिंत कशाने पडते हे कळल्यावर, तशीच भिंत पुन्हा उभी राहणे ही परंपरेची जड गती म्हणून सोडून देता येत नाही. ज्याच्या हाती साधने आहेत, नियम आहेत, निधी आहे त्याला तेथे उत्तर देणे भाग आहे. यंग यांच्या मांडणीत एक धोका आहे, तोही नोंदविला पाहिजे. सर्वांची जबाबदारी म्हणता म्हणता ती कोणाचीच उरत नाही. औंढ्याच्या कथेत उठविणारे पुजारी होते, त्यांच्याकडे बघत उभा असलेला समुदायही होता. दोघांची जबाबदारी सारखी नाही. रचनेतील स्थान जितके वरचे, तितका आवृत्ती थांबविण्याचा अधिकार मोठा, आणि म्हणून जाबही मोठा.

७

या विवेचनाचा समीक्षेशी काय संबंध, असे विचारले जाईल. साहित्यकृतीची संरचना उलगडून दाखविताना आपण बहुधा भूवैज्ञानिकाची भूमिका घेतो. पृष्ठभागाखालची संगती दाखविली, भेदांचे जाळे मांडले, की काम संपले असे मानतो. ही भूमिका टाकून द्यावी असे येथे सुचवायचे नाही. खडकाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे: उरलेल्या खांबांबरोबर भेगाही पाहाव्यात, नियमाला सरासरी म्हणून ओळखावे आणि पाच-सात बाजूंच्या अपवादांना खोडून काढू नये, एककालिक दिसणाऱ्या आकारात कोणता ताण, कोणत्या क्रमाने, कोणत्या बाजूने आत गेला याचा माग काढावा. ग्रामीण कथेच्या, दलित आत्मकथनाच्या, ओवीच्या अभ्यासाला या तिन्ही गोष्टी उपकारक ठरतील.

परंतु भूवैज्ञानिक जेथे थांबतो तेथे समीक्षकाला थांबता येत नाही. एखाद्या कादंबरीत स्त्रीचे मौन ही कथनाची ‘संरचनात्मक गरज’ आहे असे आपण दाखवितो, तेव्हा ते वर्णन म्हणून अचूक असू शकते. पुढचा प्रश्न असा की, ही गरज कोणाच्या आवृत्तीने गरज झाली? लेखकाच्या, वाचकाच्या, प्रकाशकाच्या, की अभ्यासक्रमात तीच कादंबरी वर्षानुवर्षे लावणाऱ्या आपल्या अभ्यासमंडळांच्या? संरचनेला कर्ता नसला तरी तिला वाहक असतात. आणि विद्यापीठात शिकविणारे आपण सर्व या ना त्या रचनेचे वाहक आहोत. वाहकाला जाब विचारता येतो, कारण त्याला थांबता येते.

निसर्गाची रचनाही आपल्या हाती आल्यावर याच न्यायाने पाहावी लागते. गिल्बर्ट टेकडीच्या स्तंभांना सहा कोटींहून अधिक वर्षे कोणी जाब विचारला नव्हता. विचारण्याजोगे काही नव्हतेच. पुढे तिच्या भोवतीचा खडक खाणकामाने पोखरला गेला, वस्ती कड्याला भिडली, आणि २००७ मध्ये मुंबई महानगरपालिकेने तिला वारसा-यादीत दुसऱ्या श्रेणीत घेतले. न बांधलेली गोष्ट बांधलेल्या वास्तूंच्या यादीत गेली. वर्गीकरणाच्या दृष्टीने हे चमत्कारिक वाटेल. नैतिक दृष्टीने ते योग्यच आहे. तो कडा कशाने घडला याचे उत्तर लाव्हाच्या शीतलनात आहे. तो यापुढे राहतो की नाही, याचे उत्तर मात्र ज्यांनी त्याला यादीत घातले आणि जे त्याच्या पायथ्याशी बांधतात, खणतात, परवानग्या देतात, त्यांनीच द्यायचे आहे.